मुकी फाइल

"नवं मशीन एकदम शहाणं आहे गं," डब्याचं झाकण काढत अरुणाकाकू म्हणाल्या. "जुनं मेलं सारखं बोंबलायचं. ह्यांनी कूस बदलली की शिट्टी, नळीला जरा पीळ पडला की शिट्टी. हे बुधवारी आलं, तेव्हापासून हूं नाही की चूं नाही. सो क्वाएट! आज सकाळी तर व्हॅक्यूम क्लीनर चक्क नळीवर उभा होता. पाच मिनिटं तरी असेल. मला नंतर दिसला."

कस्तुरीच्या हातातला घास हातातच राहिला.

"आणि शिट्टी वाजलीच नाही?"

"नाही ना! त्या साउथहॅम्प्टनवाल्यांचं मशीन, म्हणजे आत बोर्ड आपलाच. ह्यांना म्हटलं, बघा, कामाला गेले तरी तुमच्या उशाशी मीच बसलेय." काकू स्वतःवरच खूश होऊन हसल्या आणि त्यांनी कस्तुरीच्या डब्यातलं लोणचं उचललं.

शुक्रवारची दुपार, बारा पस्तीस. ब्रिस्टलच्या कडेला, रिंगरोडला लागून असलेल्या त्या सर्किट बोर्डांच्या कारखान्यात दोघीच मराठी. अरुणा केळशीकर एकोणसाठ वर्षांच्या, त्र्याहत्तर साली लग्न करून इंग्लंडात आलेल्या, चिपा भरायच्या खोलीत चौदा वर्षं काढलेल्या. कस्तुरी वडेगावकर एकतीस वर्षांची, नागपूरची, दीड वर्षापूर्वी वर्क परमिटवर इंजिनियर म्हणून आलेली. नवरा श्रीनिवास आणि पाच वर्षांची अन्वी तिच्याच परमिटवर इथे होती. ते परमिट तीन आठवड्यांत संपत होतं, आणि मुदतवाढीचे कागद मॅनेजरच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. जेवणाच्या सुट्टीत एरवी त्याच गोष्टी चालायच्या.

आज कस्तुरीच्या कानात काकूंचं पुढचं बोलणं शिरलंच नाही. ते मशीन म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारी, छोट्या कपाटाएवढी पेटी. काकूंचे यजमान ज्ञानेश्वरकाका तीन वर्षं तिच्यावर होते. फुप्फुसं कडक होत चालली होती. नळी कशाखाली दबली तर पेटीनं शिट्टी मारायची, झोपलेल्या माणसाला उठवायचं. शिट्टी मारायची ती केव्हा आणि किती वेळ, हे ठरवणारी चिप कस्तुरीच्या खोलीत भरली जायची.

"काकू, मी आलेच हं," असं म्हणून ती उठली. डबा तसाच उघडा राहिला.

आता चिपा भरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण बाहेरच्याला वाटतं चिप जन्मतःच शहाणी असते. छे! कारखान्यात येते तेव्हा ती कोरी असते. तिच्यात जे काम घालायचं त्याची फाइल मशीनमधून आत उतरवावी लागते. आधी पुसा, मग भरा, मग तपासा, मग नंबर घाला, शेवटी कुलूप लावा. पूर्वी ही पाचही कामं वेगवेगळी चालायची. दर कामाला फाइल हातानं निवडायची, आणि चुकू नये म्हणून त्या खोलीत एक रिवाज होता. पडद्यावर फाइलचं नाव आलं की अरुणाकाकूंनी ते एकेक अक्षर करून मोठ्यानं वाचायचं आणि समोर बसलेल्या मॉरीननं कागदावरच्या नावावर पेन्सिलीनं खूण करत जायचं. बारा वर्षं दोघींचं हे चाललं होतं. येणाजाणाऱ्याला वाटायचं, बायका बिंगो, आपली हाउजी, खेळतायत.

कस्तुरीनं ते बंद केलं. पाचही कामं एकत्र बांधून तिनं बॅच जॉब बनवले. एका मालाचा एक जॉब. वर्क ऑर्डरचा बारकोड दाखवायचा, एक बटण दाबायचं, हिरवी टिक आली की ट्रे पुढे सरकवायचा. वाचणं नाही, खुणा नाहीत. आठवड्याचं काम तीन दिवसांत व्हायला लागलं. मॅनेजर ग्रॅहम प्रिचर्डनं सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. मॉरीनला दुसऱ्या लाइनवर पाठवलं. काकू एवढंच म्हणाल्या होत्या, "बरंय बाई, घसा तरी वाचला." पण मग कितीतरी दिवस काकू त्या खोलीत गप्पगप्प असायच्या, आणि कस्तुरीला ते दिसत असूनही तिनं दिसलं नाही असं केलं होतं.

खोलीत कुणी नव्हतं. तिनं पासवर्ड घालून ऑक्सिजनच्या बोर्डाचा जॉब उघडला. पासवर्ड दोनदा चुकला.

पहिली ओळ, पुसा. दुसरी ओळ, भरा. आणि तिच्यापुढे फाइलचं नाव, इंग्रजी अक्षरांत: मुकी.

कस्तुरीनं ते नाव पुन्हा वाचलं.

ते नाव तिनंच ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये बॅच जॉबची चाचणी चालली होती तेव्हा दर दोन मिनिटांनी बोर्डाची शिट्टी किंचाळायची. शेजारच्या लाइनवरच्या बायका वैतागल्या. एकीला तर अर्धशिशी झाली, ती रडायलाच लागली. कस्तुरीला वाईट वाटलं, म्हणून तिनं चाचणीपुरती एक फाइल बनवली, सगळं तेच, फक्त शिट्टी बंद. नाव काय द्यायचं? मुकी. तिला स्वतःलाच हसू आलं होतं. मग चाळीस मालांचे चाळीस जॉब एका दिवसात बनवायचे होते, तेव्हा तिनं चाचणीचा जॉबच उचलून त्याच्या नकला केल्या आणि प्रत्येकीत आतली फाइल बदलत गेली. या एका जॉबचं वरचं नाव बदललं आणि आतली फाइल बदलायची राहिली. दुसरी सही प्रिचर्डची होती. त्यानं जॉब न उघडताच ती ठोकली होती.

चिपा भरणारं मशीन स्वतः तपासायचं ना? तपासायचं तर. पण फाइलमध्ये जे आहे तेच चिपेत उतरलंय का, एवढंच ते बघायचं. फाइलच चुकीची असली तर त्याला कोण सांगणार? पुढच्या टेबलावर शिट्टीची तार जोडलीय की नाही तेवढं बघत. वाजवून कुणी बघत नसे, कारण डोकं उठतं.

एकशेवीस बोर्ड दोन आठवड्यांपूर्वीच साउथहॅम्प्टनला गेले होते. उरलेले चारशेऐंशी बाहेर लॉरीची वाट बघत होते, आणि लॉरी दोनला यायची होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात आलं ते काही फार चांगलं नव्हतं. फाइल बदलावी. चारशेऐंशी बोर्ड काहीतरी कारण काढून परत खोलीत घ्यावेत. काकूंना म्हणावं, तुमचं मशीन बिघडलंय, कंपनीकडून बदलून घ्या. कुणाला कळणार आहे? मुकी म्हणजे काय हे या अख्ख्या इमारतीत कुणाला कळतं? कागदावर सही होईल, अन्वीची शाळा चालू राहील. एवढं सगळं अर्ध्या मिनिटात तिच्या डोक्यातून गेलं, आणि मग तिला त्या एकशेवीसांची आठवण झाली. त्यातले किती लोकांच्या उशाशी पोचलेत हे तिला माहीत नव्हतं. ते फक्त साउथहॅम्प्टनवाल्यांना माहीत होतं, आणि त्यांना विचारायचं तर का विचारतेयस ते सांगावं लागणार होतं.

"काय झालं गं? डबा टाकून आलीस ती." काकू दारात उभ्या होत्या, हातात तिचा डबा.

कस्तुरीनं पडद्याकडे बोट केलं. काकूंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चौदा वर्षांच्या सवयीनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. "एम. यू. के. आय." मग थांबल्या. "मुकी? मुकी म्हणजे... कस्तुरी, काय आहे हे?"

"शिट्टी बंद असलेली फाइल आहे, काकू. माझी चूक आहे. काकांच्या मशीनमध्ये हीच आहे. त्यांना फोन करा. आत्ता करा."

काकूंनी भिंतीवरचा फोन उचलून घरचा नंबर लावला. फोन वाजत राहिला. "साडेबाराला जेवून आडवे होतात हे," त्या पुटपुटल्या. "फोन हॉलवेमध्ये आहे. उठवत नाही त्यांना. उचला ना हो... अहो, उचला!"

कुणी उचलला नाही.

"गाडी काढ," काकू म्हणाल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. रोज बसनं यायच्या.

"काढते. तुम्ही अँब्युलन्सला फोन करत गाडीपाशी जा. मी प्रिचर्डला सांगून येते."

"प्रिचर्ड खड्ड्यात गेला! आधी घरी चल!"

"काकू, आणखी घरं आहेत. किती आहेत ते मला माहीत नाही. चार मिनिटं द्या मला."

काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की कस्तुरीला ती नजर जन्मभर पुरली असती. मग त्या मोबाइल कानाला लावून पार्किंगकडे पळत सुटल्या. एकोणसाठाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, पळत.

प्रिचर्ड सँडविच खात होता. कस्तुरीनं दार वाजवलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: फाइल, शिट्टी, एकशेवीस बोर्ड, काकूंचा नवरा. त्यानं सँडविच खाली ठेवलं.

"तुझी खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"तू काय बोलतेयस ते तुला समजतंय ना, कस्तुरी? हा मेडिकलचा माल आहे." त्यानं आवाज खाली आणला. "असं कर, चारशेऐंशी थांबवू. वीकेंडला नीट तपासू. सोमवारी मीच सावकाश त्यांच्याशी बोलेन. जॉबवर माझीही सही आहे."

टेबलाच्या कोपऱ्यात तिच्या परमिटचे कागद होते. पिवळ्या चिकटचिठ्ठीवर त्यानंच लिहिलं होतं, शुक्रवारी सही. तिनं ते वाचलं. त्यानंही तिला वाचताना बघितलं.

"वीकेंडला दोन रात्री आहेत," ती म्हणाली. "लोक त्या शिट्टीच्या भरवशावर झोपणार आहेत. तुम्ही आत्ता फोन करा, नाहीतर गाडीतून मी करते. नंबर आहे माझ्याकडे."

प्रिचर्ड माणूस वाईट नव्हता हो, नुसता घाबरला होता, तिच्याइतकाच. त्यानं कपाळ चोळलं आणि फोन पुढे ओढला. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हटल्याचं ऐकेपर्यंत कस्तुरी तिथून हलली नाही.

पुढचा रस्ता एरवी पंधरा मिनिटांचा. त्या दिवशी फिशपॉन्ड्सच्या अलीकडे गॅसच्या पाइपसाठी रस्ता खणलेला, तात्पुरते सिग्नल लावलेले. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. काकू मोबाइलवर पुन्हापुन्हा घरचा नंबर लावत होत्या. अँब्युलन्स निघाली होती, पण किती वेळात पोचेल ते फोनवरची बाई सांगू शकत नव्हती. "श्वास कसा चाललाय म्हणून मला विचारते! मी घरी असते तर तुला कशाला फोन केला असता गं?" काकू फोन बंद झाल्यावर त्या बाईवर ओरडल्या. शेजारचे दोन्हीकडचे कामावर गेलेले. किल्ली फक्त त्यांच्याकडे.

"आज सकाळी पाच मिनिटं व्हॅक्यूम क्लीनर उभा होता," सिग्नल लाल झाल्यावर त्या म्हणाल्या. "तेव्हा हे टॉयलेटमध्ये होते, नळी काढून. म्हणून..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

कस्तुरीला माफी मागायची होती. तिनं फुटपाथवर एक चाक चढवून समोरची व्हॅन ओलांडली. मागच्यानं हॉर्न मारला, शिवीही दिली असेल.

घरापाशी अँब्युलन्स नव्हती. काकूंनी किल्ली फिरवली, दार चार बोटं उघडलं आणि अडकलं. आतून साखळी लावलेली.

"अहो! अहो, उठा! मी आलेय!"

फटीतून मशीनचा संथ घूं घूं आवाज येत होता. बाकी काही नाही. काकू दारावर बुक्क्या मारायला लागल्या.

कस्तुरी घराच्या बाजूनं मागे धावली. लाकडी फाटकाला आतून कडी होती. कचऱ्याच्या चाकं असलेल्या डब्यावर चढून तिनं पलीकडे उडी टाकली, गुडघा फुटला. किचनच्या दाराला वरती काच होती. कुंडी उचलून तिनं काच फोडली, हात आत घालून किल्ली फिरवली आणि आत शिरली.

ज्ञानेश्वरकाका पुढच्या खोलीत आरामखुर्चीत होते. पाय वर घेतलेले, मान एका बाजूला. ओठ निळसर, जांभळासारखे. मशीनवर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. खुर्ची मागे सरकवली तेव्हा तिचा लोखंडी पाय बरोबर नळीवर आला होता, आणि ही बया घूं घूं करत उभी होती, काहीच झालं नाही अशी.

कस्तुरीनं खुर्ची उचलायचा प्रयत्न केला. माणसासकट ती हलेना. तिनं खांदा लावला, पाय भिंतीला टेकवला आणि अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटलं. खुर्ची बोटभर सरकली. नळी सुटली. तिनं ती हातानं चोळून मोकळी केली, नाकाशी नीट बसवली आणि साखळी काढायला धावली.

काकू आत आल्या त्या सरळ नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या. "अहो, बघा माझ्याकडे." एकदा. दोनदा. कस्तुरी भिंतीला टेकून उभी होती आणि आयुष्यात कधी जोडले नव्हते असे तिनं हात जोडले होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. काकांच्या छातीत घरघरलं. एक लांब श्वास आत गेला, मग दुसरा. डोळे अर्धे उघडले. "तू... घरी कशी?" ते कसंबसं बोलले. "डबा विसरलीस?"

काकूंना तेव्हा रडू फुटलं. बाहेर अँब्युलन्सचा सायरन ऐकू यायला लागला होता.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन दिवस ठेवू, पण धोका टळलाय. चार वाजता प्रिचर्डचा फोन आला. काकांचं धरून नऊ मशीनं घरांत पोचली होती. उरलेल्या आठही घरी माणसं गेली, मशीनं बदलली. बाकीचे लोक बरे होते. वॉटफर्डच्या एका आजीनं तर नवं मशीन परत द्यायला आधी नकारच दिला, कारण ते आवाज करत नाही म्हणून तिला फार आवडलं होतं.

कस्तुरीनं ते सांगितलं. काकू हसल्या नाहीत.

"मुकी म्हणजे काय, ते त्या बिल्डिंगमध्ये मला एकटीला कळलं असतं," त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "एकदा वाचलं असतं तरी कळलं असतं. सहाशे चिपा माझ्या हातांनी गेल्या, कस्तुरी. माझ्या! आणि तू मला नुसती हिरवी टिक दाखवत राहिलीस."

"हो, काकू."

"वाचणं बंद केलंस तेव्हा मला विचारावंसंही वाटलं नाही तुला. म्हातारी काय सांगणार, असंच ना?"

"असंच," कस्तुरी म्हणाली. तसंच होतं, आणि खोटं बोलायची तिची ताकद संपली होती.

"आणि ती चार मिनिटं," काकू म्हणाल्या. "तू का गेलीस ते मला समजतं. आठ घरं होती. मी तुझ्या जागी असते तर मीही गेले असते बहुतेक. पण मी ती विसरणार नाही. हे तोंडावर सांगते, म्हणजे मनात राहायला नको."

सोमवारी कस्तुरी कारखान्यात गेली ती खोलीची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यायला. चौकशी पुरी होईपर्यंत तिला कामावरून बाजूला ठेवलं होतं. प्रिचर्डच्या टेबलावरचे कागद तिथेच होते, चिकटचिठ्ठीसकट, सहीशिवाय. तो म्हणाला, चौकशीत तो स्वतःच्या सहीचंही सांगणार आहे. पुढे काय होईल ते त्यालाही माहीत नव्हतं. श्रीनिवासनं आदल्या दिवशीच सूटकेस माळ्यावरून खाली काढल्या होत्या, नुसत्या बघायला, असं म्हणाला होता.

जायच्या आधी एक काम उरलं होतं. थांबवून ठेवलेले बोर्ड खऱ्या फाइलनं भरायचे होते. कस्तुरी खोलीत शिरली तर अरुणाकाकू मॉरीनच्या जुन्या जागी बसलेल्या. काका त्या सकाळीच घरी आले होते, लेक सोबत होती. काकूंच्या पुढ्यात कागद होता, कानामागे पेन्सिल.

"बस तिथे," त्यांनी पडद्यासमोरची आपली खुर्ची दाखवली. "वाच."

कस्तुरीनं वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं," काकू म्हणाल्या.

तिनं एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्यानं वाचला. काकूंनी प्रत्येकाखाली खूण केली. मग काकूंनी पहिली चिप भरली, बोर्डावर बसवली, बोर्ड चाचणीसाठी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या पेटीला जोडला. नळी हातात घेतली आणि दोन बोटांत घट्ट दाबली.

एक, दोन, तीन, चार. पाचव्या सेकंदाला शिट्टी किंचाळली. अख्ख्या मजल्यावर गेली. लाइनवरच्या बायकांनी माना वळवल्या. शुक्रवारचं सगळ्यांना कळलं होतं. कानावर हात कुणीच ठेवला नाही. अर्धशिशीवालीनंही नाही.

काकूंनी नळी सोडली नव्हती. बोटं पांढरी पडली होती.

"बंद करू, काकू?" कस्तुरीनं विचारलं.

"राहू दे," अरुणाकाकू म्हणाल्या. "वाजू दे जरा."